आग्या वेताळ, चकवा आणि दूरचा दिवा

रात्री दूर कोठेतरी दिसणाऱ्या आणि कोणाचा आहे हे न कळणाऱ्या उजेडाला मराठीत नावांची वाण नाही. कोकणात त्याला कोणी आग्या वेताळ म्हणतो, कोणी वेताळाची पालखी म्हणतो, तर कोणी भुतांच्या चुडी पेटल्या असे सांगतो. बंगालच्या पाणथळ प्रदेशात हाच उजेड ‘आलेया’ होतो. कच्छच्या बन्नी गवताळ रानात गुराख्यांना तो ‘चीर बत्ती’ म्हणून ठाऊक आहे. युरोपातील पंडितांनी त्याला लॅटिन भाषेत ‘इग्निस फॅट्युअस’, म्हणजे मूर्ख अग्नी, असे नाव दिले. मूर्ख कोण, अग्नी की त्याच्या मागे जाणारा, हे त्या नावावरून नीट उलगडत नाही. या लेखात आम्ही या उजेडाचा तीन बाजूंनी विचार करणार आहोत: लोककथांनी त्याच्याविषयी काय सांगितले, विज्ञानाला त्यात काय आढळले आणि विज्ञानकथेने त्याचे काय केले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मधला भाग सर्वांत महत्त्वाचा असला, तरी पहिल्या भागाकडे केवळ हसण्यावारी पाहू नये, अशी आमची विनंती आहे.

आम्ही हे लिहितो ती फणसवाडी आज दिव्यांच्या झगमगाटात बुडालेली आहे. येथे आग्या वेताळाला उभे राहायलाही अंधार उरलेला नाही. परंतु गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावेच सांगतात की येथे एके काळी माडांच्या आणि फळझाडांच्या वाड्या होत्या. सोनापूरची स्मशानभूमी येथून पायी थोड्या मिनिटांच्या अंतरावर आहे आणि समुद्र पूर्वी आजच्यापेक्षा कितीतरी जवळ होता. मुंबईच्या रस्त्यांवर ग्यासचे दिवे प्रथम पेटले ते १८६५ च्या ऑक्टोबरात, आणि तेही मोजक्या रस्त्यांवर. ते पेटविणारे लोक एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले तेव्हा नवल पाहण्यासाठी गर्दी त्यांच्या मागून चालू लागली, असे जुन्या नोंदींत आढळते. त्याआधीच्या काळात माडांखालचा अंधार, जवळ जळणारी चिता आणि खाऱ्या पाण्याची दलदल या तिन्ही गोष्टी येथे एकत्र होत्या. भुताच्या दिव्याला याहून अधिक काही लागत नाही.

याच फणसवाडीत अग्नीची एक अगदी वेगळी परंपराही नांदते. दादीशेठ आतश बेहराम हे पारशी अग्निमंदिर १७८३ मध्ये येथे स्थापन झाले. मुंबईतील आतश बेहरामांत ते सर्वांत जुने आहे. आतश बेहरामाचा अग्नी सोळा प्रकारच्या अग्नींपासून सिद्ध करतात. त्यांत कुंभाराच्या भट्टीचा, सोनाराच्या शेगडीचा आणि भटारखान्याचा अग्नी असतो. प्रेत जाळणाऱ्या चितेचा अग्नी असतो आणि आकाशातून पडलेल्या विजेने पेटलेला अग्नीही असतो. प्रत्येक अग्नी पुन्हा पुन्हा शुद्ध करून मगच एकत्र केला जातो. ज्या दोन अग्नींची माणसाला सर्वांत अधिक भीती वाटली, स्मशानातला आणि आभाळातला, त्यांनाच येथे आदराने घरात आणले गेले. लोककथेने मात्र त्याच दोन अग्नींना घराबाहेर उभे केले आणि भूत म्हटले.

वेताळाची कथा मुळात भुताच्या राजाची कथा आहे. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे-मागे मशाली घेतलेले भूतगण असतात आणि दूरच्या डोंगरउतारावर एक दिवा विझतो तोच दुसरा पेटतो, असे कोकणात आणि गोव्यात सांगतात. पालखी वाटेत आडवी आली तर माणसाने बाजूला होऊन मान खाली घालावी. सिंधुदुर्गात व गोव्यात वेताळाची देवळे आहेत आणि काही ठिकाणी त्याला कातड्याच्या वहाणा अर्पण करण्याची चाल आहे. रात्रभर गस्त घालून देवाच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. म्हणजे गावाच्या कल्पनेतला हा देव भयंकर असला तरी गावाचा राखणदार आहे आणि त्याच्या हातचा दिवा हा पहारेकऱ्याचा दिवा आहे. आग्या वेताळाचे तसे नाही. तो तोंडातून ज्वाळा सोडतो, पाणथळीच्या काठाने नाचतो, आणि पाहणारा जवळ गेला की लांब सरकतो. या सरकण्याचा धागा चकव्याशी जुळतो. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला होता त्याच बांधावर येऊन पोहोचतो.

महाराष्ट्रातील भुतांची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. मुंज झालेला आणि सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो. ब्राह्मणाचे भूत ब्रह्मसमंध होते. बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत निराळे, बुडून मेलेल्याचे गिऱ्हा म्हणून निराळे. हलक्या मानलेल्या जातींच्या भुतांनाही वेगळी नावे, वेगळी ठिकाणे आणि वेगळे उतारे आहेत. चितेवर देह जळून गेला तरी जात जळत नाही, असा या यादीचा अर्थ होतो. ज्यांनी ही यादी रचली त्यांना मरणापलीकडचे जग गावासारखेच दिसत होते: मधोमध वाडे, आणि वेशीबाहेर आपण.

मग वेशीबाहेरच्या त्या दिव्याचा प्रश्न उभा राहतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात गावकीच्या कामांची तपशीलवार माहिती आहे. रात्री वेशीवर राखण करणारा वेसकर हा महार असे. कोणाच्या घरी मृत्यू झाला की परगावी निरोप पोहोचविणे आणि स्मशानात सरपण नेणे ही कामेही त्याच्याच माथी असत. मृत्यूचा निरोप सकाळ होण्याची वाट पाहत नाही. म्हणजे मध्यरात्री, पावसात, ओढ्याच्या काठाने, हातात चूड घेऊन एकटा चालणारा माणूस प्रत्येक गावात होता, आणि त्याच्याविषयी वाड्यातल्या माणसाला फारसे काही ठाऊक नव्हते. चूड म्हणजे माडाच्या सुक्या चुडतांची पेंडी. ती विझू नये म्हणून चालता चालता हलवावी लागते. हलवली की भडकते, हात थांबला की मंदावते. झाडाआड गेली की नाहीशी होते आणि पुढच्या वळणावर पुन्हा दिसते. दूरच्या ओसरीवरून पाहणाऱ्याला हा उजेड नाचणारा, विझणारा, पेटणारा दिसणार. आम्हांला वाटते, वेताळाच्या पालखीच्या जितक्या कथा सांगितल्या गेल्या त्यांतल्या काहींच्या मुळाशी असा एखादा वेसकर निश्चित असावा. हा आमचा तर्क आहे. परंतु तो रसायनशास्त्राच्या विरोधात जात नाही आणि गावगाड्याच्या विरोधातही जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यासमोर हीच कामे होती: दिवस-रात्र कोणत्याही प्रहरी, कोणाच्याही हाकेसरशी, मोबदल्याची खात्री नसताना करायची. हलकी वतने नष्ट करणारा कायदा शेवटी १९५८ मध्ये झाला. या संस्थेतील अनेक विद्यार्थ्यांच्या पणजोबांच्या हातात ती चूड होती. लोककथेचा अभ्यास करताना कथा कोणी सांगितली याइतकेच ती कोणाविषयी सांगितली गेली हेही पाहावे लागते, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पाली वाङ्मयात उजेडाच्या फसवेपणाची एक फार सुंदर उपमा आहे. काजव्याला पालीत ‘खज्जोपनक’ म्हणतात आणि त्या नावाचे एक जातकही आहे. त्याची मूळ गोष्ट महोसध पंडिताच्या मोठ्या जातकात येते. विस्तवाच्या शोधात रात्री निघालेल्या माणसाला काजवा दिसतो. तो त्यालाच विस्तव समजतो, त्यावर शेणीचा चुरा आणि गवत घालतो आणि फुंकर मारत बसतो. आग काही पेटत नाही. महोसध दूर असताना ज्या चार पंडितांवर राजाने भिस्त ठेवली होती, त्यांना उद्देशून ही उपमा आहे. येथे काजव्याला भूत म्हटलेले नाही, त्याचा अपमानही केलेला नाही. काजवा काजव्याच्या जागी ठीक आहे, फुंकणाऱ्याने पारख केली नाही एवढेच कथेचे म्हणणे आहे. ‘उदान’ या ग्रंथातही सूर्य उगवेपर्यंतच चमकणाऱ्या काजव्याचा दाखला आलेला आहे.

आता रसायनाकडे वळू. दलदलीच्या तळाशी पाने, मुळे, मेलेले जीव साचतात. तेथे प्राणवायू पोहोचत नाही. अशा ठिकाणी वाढणारे सूक्ष्म जीव त्या कुजक्या पदार्थापासून मिथेन तयार करतात. १७७६ मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू जळतो हे दाखविले. गोबर गॅसच्या शेगडीत आज जळतो तो मुख्यतः हाच वायू. तेव्हा दलदलीत जळणारा वायू आहे, हे अडीचशे वर्षांपासून निश्चित आहे. अडचण पुढे येते. मिथेन आपोआप पेटत नाही. त्याला पेटण्यासाठी पाचशे अंश सेल्सियसहून अधिक तापमान लागते. थंड, ओल्या रात्री चिखलावर काडी ओढणारा कोण?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर म्हणजे फॉस्फरस. १६६९ मध्ये हेनिंग ब्रांड या जर्मन किमयागाराने मूत्र आटवता आटवता अंधारात चमकणारा हा पदार्थ मिळविला. तो परीस शोधत होता. प्राण्यांच्या हाडांत व मेंदूत फॉस्फरसची संयुगे असतात, त्यामुळे कुजण्यातून फॉस्फीन हा वायू थोड्या प्रमाणात निर्माण होतो. त्याच्या सोबतीने तयार होणारे डायफॉस्फेन हे संयुग हवेशी गाठ पडताच पेट घेते. म्हणजे डायफॉस्फेन ही काडी आणि मिथेन हे सरपण. स्मशानाच्या व कबरस्तानाच्या जवळ दिवे अधिक का दिसतात, याचेही उत्तर यात मिळते. पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून हे स्पष्टीकरण इतक्या वेळा सांगितले गेले आहे की प्रश्न सुटला असेच बहुतेकांना वाटते.

परंतु तो इतका सहज सुटलेला नाही, आणि हे सांगणे आम्ही आवश्यक समजतो. फॉस्फीन जळताना दाट पांढरा धूर होतो आणि लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास सुटतो. भुताचा दिवा जवळून पाहिल्याचे सांगणाऱ्या कित्येकांनी मात्र धूर नव्हता, वास नव्हता, गवत जळले नाही, उजेड निळसर आणि थंड होता असे वर्णन केले आहे. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेजर ब्लेसन नावाच्या गृहस्थाने जर्मनीतील दलदलीत अशा ज्योतींचा पाठलाग केला. तो चालला की हवा हलून ज्योत मागे सरे. तो श्वास रोखून, तोंड फिरवून स्थिर राहिला तेव्हा ती जवळ आली. त्याने कागद धरला आणि तो होरपळला. ‘जवळ गेले की लांब पळते’ या आग्या वेताळाच्या खोडीचे कारण येथे मिळते: आपल्या चालण्याने हवेला बसणारा धक्का. परंतु थंड आणि उष्ण अशी दोन्ही वर्णने खरी असतील, तर ‘भुताचा दिवा’ या एकाच नावाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या ॲलन मिल्स यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत असा थंड उजेड तयार करण्याचे प्रयत्न केले, पण दलदलीतल्या उजेडाशी तंतोतंत जुळणारे काही त्यांच्या हाती लागले नाही.

अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड झेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी शक्यता पुढे ठेवली. पाण्यातून वर येणाऱ्या मिथेनच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठतो, आणि विरुद्ध भाराचे बुडबुडे जवळ आले की त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म ठिणगी पडते, असे त्यांना प्रयोगात दिसले. ही इवलीशी वीज मिथेनचे ज्वलन सुरू करू शकते. व्होल्टालाही आपल्या काळी विजेचाच संशय होता, पण तो आभाळातल्या विजेकडे पाहत होता. वीज बुडबुड्यातच असू शकेल हे सुचण्यास अडीच शतके लागली. प्रत्यक्ष खाजणात, पावसाळी रात्री, हेच घडते की नाही याची तपासणी अजून व्हायची आहे.

काही उजेड ज्वलनाचे नसतातच. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य प्राणवायूशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णतेवाचून उजेड पडतो. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर वाढणारी बुरशी हिरवट प्रकाश देते. रात्री त्या रानातून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ओंडक्याला डोळे फुटलेले दिसले तर नवल नाही. रॉबर्ट बॉयलने सतराव्या शतकातच चमकणारे लाकूड आणि चमकणारी सडकी मासळी निर्वात भांड्यात ठेवून पाहिली. हवा काढली की लाकडाचा उजेड मावळे, परत सोडली की उजळे. भुताला श्वास लागतो, हे त्याने प्राणवायूचा शोध लागण्याच्या शंभर वर्षे आधी सिद्ध केले, असे विनोदाने म्हणता येईल. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्या तेव्हा मुंबईकर भिण्याऐवजी छायाचित्रे काढायला धावले. तो उजेड नॉक्टिल्युका या एकपेशीय सागरी जीवाचा होता. वैज्ञानिकांनी मात्र त्याकडे थोड्या काळजीने पाहिले, कारण या जीवांची अशी वाढ समुद्रात मिसळणाऱ्या सांडपाण्याशी जोडली जाते.

यानंतर उरतो पाहणारा. अंधाऱ्या खोलीत एकच बारीक स्थिर दिवा ठेवला आणि आजूबाजूला दुसरी कोणतीही खूण नसली, तर थोड्या वेळाने तो दिवा हलताना दिसू लागतो. दिवा हलत नाही. डोळ्याच्या सूक्ष्म हालचालींचा हिशेब मेंदूला लावता येत नाही. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने याचाच उपयोग करून एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवा किती हलला, हे त्याने लोकांना विचारले. एकेकटे असताना प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. गटात बसवून सर्वांसमक्ष बोलायला लावले तेव्हा उत्तरे हळूहळू एकमेकांजवळ सरकली, आणि नंतर एकटे विचारले तरी लोक गटाचेच उत्तर देऊ लागले. ओसरीवर बसलेल्या पाच जणांनी वेताळाची पालखी पाहिली आणि पाचही जणांची साक्ष जुळली, तर त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत असेल असे नाही. परंतु पाच साक्षी म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे, असेही नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा बोलणारा थोर आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असे कालामांना सांगितले गेले त्यात हाच विवेक आहे.

चकव्याचेही असेच आहे. २००९ मध्ये यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जर्मनीतील घनदाट अरण्यात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालण्यास सांगून त्यांच्या वाटा नोंदविल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत असेपर्यंत लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ झाकोळले की ते गोल फिरू लागले आणि आपल्याच पूर्वीच्या वाटेला छेदून गेले, पण आपण सरळच चालत आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधले तेव्हा काहींची वर्तुळे वीस मीटर व्यासाइतकी लहान झाली. अमावास्येच्या ढगाळ रात्री माळ तुडवणाऱ्या आपल्या आज्याला चकवा लागला, ही त्याची थाप नव्हती. त्याच्या अनुभवात एका अक्षराचाही बदल न करता केवळ त्याचे कारण बदलावे लागते.

ऑस्ट्रेलियातील ‘मिन मिन’ दिव्यांविषयी जॅक पेटिग्रू यांनी २००३ मध्ये असेच दाखविले. जमिनीलगतच्या थंड हवेच्या थरातून प्रकाश वाकतो आणि क्षितिजापलीकडच्या मोटारींचे दिवे जवळ तरंगताना दिसतात. उलट नॉर्वेच्या हेस्डालेन खोऱ्यात १९८१ च्या अखेरीपासून वारंवार दिसू लागलेल्या उजेडांवर १९९८ पासून स्वयंचलित केंद्र बसवूनही सर्वांचे पटेल असे स्पष्टीकरण मिळालेले नाही. भूत नाही म्हणणे सोपे आहे. मग काय आहे हे सांगण्यासाठी थंडीत वर्षानुवर्षे कॅमेरे रोखून बसावे लागते.

विज्ञानकथेने या उजेडाला निराळाच प्रश्न विचारला: दिवा कोणाचा? झ्यूल व्हर्न यांची १८७० च्या सुमाराची सागरतळाच्या सफरीची कादंबरी अगदी भूतकथेसारखी सुरू होते. जगभरच्या समुद्रांत काहीतरी प्रचंड, कधी कधी आतून उजळणारे दिसते आहे, अशा वार्ता येतात. विद्वान म्हणतात राक्षसी नारव्हेल असावा, तोच चमकत असावा. पाठलाग होतो आणि कळते की तो उजेड विजेचा आहे, तो प्राणी लोखंडाचा आहे आणि त्याच्या आत कप्तान नेमो नावाचा माणूस आहे. पुढच्या एका कादंबरीत व्हर्नने सांगून टाकले की नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला. युरोपच्या जहाजांना ज्या भुताचा दिवा दिसत होता तो एका पराभूत हिंदी माणसाच्या हातात होता. व्हर्नच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या, त्यामुळे आमच्या पिढीला नेमो परका कधी वाटलाच नाही.

कॉनन डॉयलच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याला विज्ञानकथा म्हणता येणार नाही, पण त्याच्या जबड्यातून निघणाऱ्या ज्वाळा फॉस्फरसच्या लेपाच्या निघतात आणि लेप लावणारा वारसाहक्कावर टपलेला माणूस असतो. गंमत अशी की ही कथा रचणारा लेखक उतारवयात पऱ्यांच्या बनावट छायाचित्रांवर विश्वास ठेवून बसला आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहून मोकळा झाला. होम्सची बुद्धी निर्मात्याच्या उपयोगी पडली नाही.

सत्यजित राय यांची ‘बंकुबाबूर बंधू’ ही १९६२ ची बंगाली कथा आम्हांला या विषयावरील सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. आदल्या रात्री आकाशात दिसलेल्या अनोळखी उजेडावर गावच्या अड्ड्यात चर्चा चाललेली असते. बंकुबाबू हे गरीब स्वभावाचे शाळामास्तर, सर्वांच्या थट्टेचा विषय. ज्या बांबूच्या बनातून रात्री जाण्यास लोक घाबरतात तेथे त्यांना उजेड दिसतो. आलेयाच्या देशात तेथे भूतच असायला हवे होते. पण तेथे परग्रहावरचे यान असते, आणि त्यातील प्रवासी बंकुबाबूंना प्रथमच माणूस म्हणून वागवतो. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर परतलेला मास्तर मान खाली घालीत नाही.

मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. आमच्या विषयाशी मात्र त्यांची ‘धूमकेतू’ अधिक जुळते. आकाशातला नवा उजेड शोधणारा हौशी निरीक्षक, त्याच उजेडाला अशुभ मानणारे त्याचे घर, पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूची वाट बदलण्याचा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आणि घरी चाललेला यज्ञ, अशी तिची मांडणी आहे. संकट टळते तेव्हा श्रेय कोणाला द्यायचे याचे उत्तर घरच्यांकडे तयार असते. नारळीकर यात कोणाची टवाळी करीत नाहीत. ज्या घरात दुर्बीण आहे त्याच घरात यज्ञकुंडही आहे, एवढेच ते दाखवितात, आणि आपल्यापैकी पुष्कळांची घरे तशीच आहेत.

सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक काम देऊन थांबतो. घरातील वडीलधाऱ्यांना भुताच्या दिव्याविषयी विचारावे आणि ऐकलेले त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे. तिथी कोणती, पाऊस पडून गेला होता का, वारा होता का, जागा खाजणाची, ओढ्याची की माळाची, रंग कसा, धूर वा वास आला का, किती जणांनी पाहिले आणि आधी कोण बोलले, हे नोंदवावे. आणि शेवटचा प्रश्न न चुकता विचारावा: त्या रात्री गावात कोणी मेले होते का, आणि असल्यास परगावी निरोप घेऊन कोण गेले होते? आजीला त्या माणसाचे नाव आठवत असेल, तर तेही वहीत पूर्ण लिहावे.